पाय जोत्याच्या वर नाहीत : आपल्या शाळेच्या घरदुरुस्ती शिबिरांचा इतिहास

शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या खालच्या कप्प्यात, चौदा वह्या आहेत. पहिल्या वहीवर १९९४ लिहिले आहे, शेवटच्या वहीवर २००८. मधली १९९७ ची वही नाही, कारण त्या वर्षी शिबिर झाले नाही. स्मरणिका समितीने मला ‘शिबिरांवर काहीतरी लिही’ असे सांगितले तेव्हा त्यांना पिठले-भाकरी, शेकोटी आणि पाठांतर विसरलेल्या समूहगीतांच्या आठवणी हव्या असाव्यात. त्या इतर जण लिहितीलच. मी मात्र चार रविवार बसून या वह्या वाचल्या. गेली वीस वर्षे बांधकामांवर सुरक्षा अधिकारी म्हणून काम करत असल्यामुळे माझी नजर वेगळ्याच गोष्टीवर गेली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पडक्या घरांजवळ कामाला न्यायचे आणि सुखरूप घरी आणायचे, हे आपली शाळा हळूहळू कसे शिकली, ते या वह्यांत दिसते. तो इतिहास कुठे लिहिलेला नाही, म्हणून हा लेख.

श्रमदानाची कल्पना काही आपल्या शाळेची नव्हे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधल्या भूकंपानंतर पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर आपल्या काही सोबत्यांना घेऊन मुझफ्फरपूर भागात आला आणि गावकऱ्यांबरोबर खपून त्याने घरे उभी करायला मदत केली. पहिल्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा उभारण्यासाठी त्याने युरोपात अशीच शिबिरे सुरू केली होती. आपल्याकडे बाबा आमटे यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांनी तिथे पहिल्यांदा कुदळ हातात धरली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाविद्यालयीन मुलांची गावोगावची शिबिरे नेहमीची झाली. पण यातली बहुतेक माणसे अठरा वर्षांच्या पुढची. नववीतल्या मुलाची गोष्ट निराळी असते. अंगात ताकद आलेली असते, अंदाज आलेला नसतो. मोठ्यांच्या शिबिराचे वेळापत्रक उचलून शाळेला लावले तर ते बसत नाही. आपल्या शाळेला हे समजायला तीन वर्षे लागली.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र संपत आली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरात आपण सगळे अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो होतो, हे आपल्या पिढीला सांगायला नको. सकाळी बातम्या येऊ लागल्या : किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी. हजारो माणसे झोपेत गेली. मारले ते भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त. त्या भागातल्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगडाच्या आणि मातीच्या. जाडी पाहून माणसाला भरवसा वाटायचा. प्रत्यक्षात ती एक भिंत नसायची. आतले दगडी तोंड वेगळे, बाहेरचे वेगळे, मध्ये खडी आणि माती, आणि दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढरी माती टाकायची. वडिलांनी टाकली, मुलाने टाकली, असे करत त्या मातीचा थर फूट-दीड फुटांवर गेलेला. जमीन हलली, भिंतीची दोन तोंडे एकमेकांपासून सुटली आणि वरची माती खाली आली.

त्या आठवड्यात दहावीची मुले मुख्याध्यापकांकडे गेली होती : आम्हाला किल्लारीला पाठवा. सरांनी कपडे, भाकऱ्या, चटणी आणि घोंगड्या गोळा करायला परवानगी दिली. जायला दिली नाही. ‘मदतीला गेलेल्यालाच मदत लागली, तर आपण तिथला भार वाढवला’ असे ते म्हणाल्याचे पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. मुलांना राग आला होता. ढिगाऱ्यांत प्रेते होती, धक्के चालू होते, अर्धवट उभ्या भिंती कधीही पडत होत्या. सैन्याचे जवान ते काम करत होते. आज मी माझ्या कामावरच्या तरुण इंजिनिअरांना हेच सांगते : पहिल्या दिवसांचे काम प्रशिक्षित माणसांचे. शाळकरी मुलांची वेळ नंतर येते, आणि ती वेळही मोलाचीच असते.

ती वेळ वर्षभराने आली. ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले, पण त्यापलीकडे तेरा जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरे अशी होती की ती पडली नव्हती, तडकली होती. सरकारने त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम काढला. माळवदावरची माती कमी करायची, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार काँक्रीटचे दगड बसवायचे, भिंतीला वरून पट्टा बांधायचा. काम मालकाने स्वतः गवंड्याकडून करून घ्यायचे. गवंडी मिळत नव्हते, आणि म्हाताऱ्या किंवा एकट्या बायांच्या घरी तर हाताखाली माणूसच नव्हता. हीच जागा शाळेने हेरली. १९९४ च्या दिवाळीच्या सुट्टीत कार्यानुभवाच्या सरांनी उमरगा तालुक्यातल्या एका गावी पहिले सात दिवसांचे शिबिर नेले.

१९९४ ची वही आज वाचताना माझा जीव वरखाली होतो. ‘मुलांनी माळवदावरील माती उत्साहाने उतरवली.’ म्हणजे मुले छपरावर होती, तेही ज्या घराच्या भिंती तडकल्या म्हणूनच दुरुस्ती चालली होती त्या घराच्या. ‘चुन्याची भट्टी विझवताना मजा आली.’ ‘परतताना टेम्पोत गाणी झाली.’ टेम्पो म्हणजे उघडा, मालाचा. १९९५ चे शिबिरही असेच. कुणाला खरचटले, कुणाच्या बोटावर हातोडी बसली, यापलीकडे काही झाले नाही. काही झाले नाही याचा अर्थ आपले बरोबर चालले आहे, असा घेतला गेला. बांधकामाच्या धंद्यात आजही हीच चूक सगळ्यात जास्त माणसे करतात.

तिसऱ्या शिबिराला, १९९६ च्या दिवाळीत, मी होते. मी नववीत होते. मुलींना नेण्याचे ते पहिले वर्ष. विज्ञानाच्या बाई आमच्याबरोबर होत्या. चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास आम्ही मुली अंगणात वाळू चाळत होतो. शेजारी सिमेंटच्या पत्र्यांचा गोठा होता. मोजमापाची फीत वाऱ्याने उडून त्यावर पडली आणि आमच्या वर्गातला एक मुलगा ती आणायला चढला. शेवाळाने काळा पडलेला सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो. तो वजन पेलत नाही. ज्या वाशावर तो बोल्टने कसलेला असतो तेवढी रेघ सोडली, तर बाकी सगळा पत्रा पापडासारखा फुटतो. तो तिसऱ्या पावलाला आत गेला. खाली दहा फुटांवर फरशी होती.

आरडाओरडा झाला, पोरे धावली, कुणीतरी त्याला काखेत धरून उठवायला लागले. ज्यांच्या हाताखाली आम्ही काम करत होतो ते गवंडी मामा ओरडले, ‘उचलू नगा लेकराला! हाय तसं पडू द्या!’ त्यांनी घराच्या दाराची एक फळी बिजागरीतून काढली, चौघांना चार कोपऱ्यांवर बसवले, आणि पाय न हलवता त्याला फळीवर सरकवले. गावात वाहन नव्हते. फोन हमरस्त्यावरच्या एसटीडी बूथवर. रुग्णालयात पोहोचायला अडीच तास लागले. मांडीचे हाड आणि मनगट मोडले होते. ते जुळले, पण डावा पाय थोडा आखूड राहिला. आज तो स्वतःचे दुकान चालवतो आणि दर मेळाव्याला सगळ्यांच्या आधी येतो. हा लेख मी त्याला वाचून दाखवला आहे. नाव घालू नकोस, एवढेच त्याने सांगितले.

पुढची गोष्ट मला त्याच्या वडिलांनीच नंतर सांगितली, आणि वहीतही तिची नोंद आहे. ते एका चादर कारखान्यात जॉबर होते. रुग्णालयात शाळेची माणसे हात जोडून उभी होती. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारले, ‘वर चढायला त्याला कुणी सांगितलं?’ सगळे म्हणाले, कुणी नाही. मग त्यांनी विचारले, ‘आणि चढू नको, असं कुणी सांगितलं होतं?’ याचेही उत्तर तेच होते.

आपल्या शाळेच्या शिबिरांचा खरा इतिहास या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो, असे माझे मत आहे. त्या मुलाने आज्ञा मोडली नव्हती. मोडायला आज्ञाच नव्हती. पंधरा वर्षांच्या मुलाला फीत पडलेली दिसली आणि त्याने जे पंधराव्या वर्षी कुणीही करील ते केले. ‘मुलांनो, जपून काम करा’ असे दररोज सकाळी सांगितले जात होते. पण जपून म्हणजे काय, ते मोठ्या माणसाला कळते. मुलाला पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, ते सांगावे लागते.

१९९७ ला शिबिर झाले नाही. पालकसभेत बहुतेकांचे म्हणणे होते की हा विषय कायमचा मिटवावा. ते म्हणणे चुकीचे नव्हते. दुसऱ्यांची घरे दुरुस्त करायला स्वतःचे लेकरू का मोडून घ्यायचे? त्या सभेत उठून बोलले ते त्या मुलाचेच वडील. ‘आमच्या कारखान्यात मागाच्या पट्ट्यात माणसाचा हात गेला, म्हणून कुणी माग बंद केले नाहीत. पट्ट्यावर जाळी बसवली. शिबिराला जाळी बसवा.’ मग ते स्वतः, कार्यानुभवाचे सर, विज्ञानाच्या बाई आणि गवंडी मामा अशी चौघांची समिती झाली. गवंडी मामा महिन्यातून एकदा एसटीने सोलापूरला यायचे. त्यांना लिहिता येत नव्हते; त्यांचे बोलणे बाई उतरवून घ्यायच्या. १९९८ च्या वहीची पहिली बारा पाने म्हणजे त्या चौघांचे काम आहे.

पहिला नियम गवंडी मामांचा, आणि पुढे तोच शिबिराची ओळख झाला : पाय जोत्याच्या वर नाहीत. विद्यार्थ्याचे पाऊल घराच्या जोत्याहून वर कुठेही जाणार नाही. शिडी नाही, परांची नाही, माळवद नाही, पत्रा तर नाहीच. उंचावरचा चुना लांब बांबूला कुंचला बांधून द्यायचा. वर काही पडले तर ते वरच राहू द्यायचे, मोठे माणूस नंतर काढील. या नियमाची खुबी अशी की त्यात अंदाज करावा लागत नाही. ‘फार उंच चढू नका’ म्हटले की फार म्हणजे किती, हा वाद उरतो. जोते सगळ्यांना दिसते.

दुसरा नियम पाहणीचा. शिबिराच्या महिनाभर आधी सर आणि गवंडी मामा गावी जाऊन प्रत्येक घर पाहायचे. पोट आलेली भिंत, लोंबती वीज, सुटलेले दगड, उघडी विहीर यांची यादी करायची. तडकलेल्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट अंतरावर फक्कीने रेघ ओढायची आणि मुलांनी रेघेच्या बाहेरच बसायचे. ज्या घराचे काम मुलांना झेपणारे नाही, ते घर घ्यायचेच नाही. वहीत अशी नाकारलेली घरे लिहिलेली आहेत. ती नोंद करताना सरांना वाईट वाटले असणार, कारण नाकारलेले घर बहुधा सगळ्यात गरजूचे असायचे. त्या घरांसाठी मग माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून मजूर लावले गेले.

बाकीचे नियम एकेका कामाचे आहेत. चुना विझवताना उकळतो आणि त्याचा शिंतोडा डोळ्यांत गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चुना मोठ्यांनी आदल्या दिवशी विझवून ठेवायचा आणि कामाच्या जागी स्वच्छ पाण्याची बादली झाकून ठेवायची. सिमेंट ओल्या हाताला खाते, म्हणून रबरी हातमोजे. सिमेंटचा पत्रा मुलांनी कापायचा नाही, फोडायचा नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. चप्पल चालणार नाही, बूट हवेत. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्याचा डॉक्टरांचा कागद, रक्तगट आणि पालकांची सही असल्याशिवाय नाव नोंदवायचे नाही. सकाळी साडेसात ते अकरा काम, मग बंद. अपघात जेवणाआधीच्या भुकेल्या तासात होतात, हे जॉबर काकांनी कारखान्यातल्या अनुभवावरून सांगितले होते. आमचा अपघातही साडेअकराचा. टेम्पो बंद झाला, एसटीची गाडी ठरवून नेणे सुरू झाले.

विंचवाचा नियम विज्ञानाच्या बाईंचा. दगडांच्या ढिगाऱ्यात विंचू असतोच, आणि आपल्याकडचा तांबडा विंचू लहान मुलाच्या हृदयावर घाला घालतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या खेड्यांत काम करताना प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिले होते आणि त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. बाईंनी शिबिराआधी तालुक्याच्या आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तिथे ते औषध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून घ्यायला सुरुवात केली. मुलांसाठी नियम एवढाच : दगड हाताने उलटायचा नाही, आधी पहारीने सरकवायचा. सकाळी बूट झटकून घालायचे.

रात्रीचे नियमही त्याच पानांवर आहेत, आणि त्या काळी त्यांच्यावर मोठ्याने बोलले जात नसे. मुलींच्या झोपण्याच्या खोलीत दोन शिक्षिका. संडासला एकटे जायचे नाही, जोडीने आणि बॅटरी घेऊन. कोणताही मोठा माणूस, शिक्षक असो की गावकरी, एका मुलाला किंवा मुलीला घेऊन एकटा कुठे थांबणार नाही. तिसरे कुणीतरी हवेच. जॉबर काकांनी हा नियम सुचवला तेव्हा एका शिक्षकांना तो अपमान वाटला होता, असे वहीत आहे. बाईंनी उत्तर लिहिले आहे : ‘नियम सर्वांना आहे, म्हणून कोणावरही संशय नाही.’ लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ साली आला. आपल्या वहीतले वाक्य त्याच्या चौदा वर्षे आधीचे आहे, याचा मला अभिमान वाटतो.

शेवटचा नियम ‘थांब’चा. शिबिरातले सर्वांत लहान मूलही ‘थांब’ म्हणाले, तर सगळ्यांनी हातातले काम सोडून मागे सरायचे. कारण नंतर विचारायचे. भीती वाटते म्हणणाऱ्याला हसायचे नाही. १९९९ च्या शिबिरात नववीतल्या एका मुलीला भिंतीतून मातीची बारीक धार गळताना दिसली आणि ती ‘थांब’ म्हणून ओरडली. घमेली जागीच ठेवून सगळे रेघेबाहेर आले. गवंडी मामांनी तासभर भिंत तपासली. उंदराने बीळ पोखरले होते. भिंतीला काही झाले नव्हते. संध्याकाळच्या सभेत सरांनी त्या मुलीला पुढे बोलावून शाबासकी दिली. मी त्या वेळी माजी विद्यार्थिनी म्हणून मदतीला गेले होते आणि पुढे हा धंदा निवडला त्यात या संध्याकाळचा वाटा आहे. खोटा निघालेला इशारा ज्या ठिकाणी नावाजला जातो, तिथेच खरा इशारा वेळेवर मिळतो.

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातचा भूकंप झाला. कच्छमधल्या अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत निघालेली मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडली गेली. १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे आता स्मारक उभे आहे. आपल्या शाळेने त्या वर्षी कच्छला मुले पाठवली नाहीत, पैसे आणि घोंगड्या पाठवल्या. पण २००१ च्या वहीत एक ओळ वाढली : तडकलेल्या घरांच्या गल्लीतून रांगेने जायचे नाही, लांब पडला तरी मोकळा रस्ता धरायचा.

या नियमांवर टीका झाली नाही असे नाही. गावात एक आजी म्हणाल्या होत्या, ‘पोरं नुसती चाळण धरूनच बसल्यात की!’ आमच्या आधीच्या तुकड्यांतले काही जण अजून म्हणतात की आम्ही माळवदावर नाचलो, तुम्हाला कापसात गुंडाळून नेले. त्यांचे एक खरे आहे : १९९८ नंतर एका शिबिरात पूर्वीच्या मानाने निम्मीच घरे होत. पण काम कोणते झाले तेही पाहावे. काँक्रीटच्या पट्ट्याला सात दिवस दिवसातून तीनदा पाणी मारणे हे काम मुलांनी चोख केले. गवंडी मामा म्हणायचे की पाणी मारायला मजूर टाळाटाळ करतात आणि पट्टा कच्चा राहतो. पोरांमुळे यांचे पट्टे पक्के झाले. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. १९९५ मध्ये मुलांनी तडे गिलाव्याने झाकून वर चुना लावला होता, घर नवे दिसत होते. मामांनी तो गिलावा खरवडून काढायला लावला. ‘भेग झाकायची न्हाई, भरायची. झाकली की घरवाला बिनघोर झोपतो.’ म्हणजे सुरक्षितता फक्त आपल्या मुलांची नव्हती. शिबिर निघून गेल्यावर त्या छपराखाली झोपणाऱ्यांचीही होती. ज्या काळजीने मुलांचे पाऊल जपले, त्याच काळजीने काम होऊ लागले.

२००८ नंतर शिबिरे थांबली. भांडण झाले नाही, अपघातही झाला नाही. सर निवृत्त झाले, मामा थकले, नववीपासून क्लास सुरू झाले, आणि वही पुढे कुणी उघडली नाही. १९९८ ते २००८ या अकरा शिबिरांत एकाही मुलाला रुग्णालयात न्यावे लागले नाही.

आता मेळाव्याच्या निमित्ताने शिबिर पुन्हा सुरू करण्याची चर्चा आहे. माझे मत अनुकूल आहे, आणि त्याला अट आहे : आधी वही उघडा. काळ बदलला तसे तिच्यात थोडे घालावे लागेल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. तो कायदा मजुरीबद्दल आहे, पण जे काम मजुरी देऊन करून घेता येत नाही ते सेवेच्या नावाने करून घेणे कोणत्या तोंडाने सांगणार? २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका आहे. तरी गावात मोबाइलची रेंज कुठे येते हे पाहणीतच बघून ठेवावे. विजेवर चालणारी यंत्रे मुलांच्या हाती देऊ नयेत. आणि पुराच्या गावी जायचे असेल, तर २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतरचा चिखल आठवावा : त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, जखम असलेल्या पायाने त्यात उतरायचे नसते. तिथला चिखल मोठ्यांनी काढावा. मुलांनी कोरड्या जागी धान्य, वह्या, कपडे लावून द्यावेत.

आपल्या तुकड्यांत आज सिव्हिल इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, दोघे गवंडीकामाचे ठेकेदार आहेत, एक एसटीत चालक आहे. दर सहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे असेल, तर ते बाहेरून आणण्याची गरज नाही. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सत्रानंतर कार्यानुभवाच्या खोलीत चौदा वह्या टेबलावर ठेवलेल्या असतील. १९९८ च्या वहीच्या पहिल्या बारा पानांच्या छायाप्रती प्रत्येकाला मिळतील. ज्यांना आपल्या मुलांना या शिबिराला पाठवायचे आहे त्यांनी त्या वाचाव्यात, आणि ज्यांना मोठे माणूस म्हणून यायचे आहे त्यांनी नाव नोंदवण्याआधी दोनदा वाचाव्यात. पाहणीला जाण्यासाठी मी नोव्हेंबरातले दोन रविवार मोकळे ठेवले आहेत. आमचा तो मित्रही बरोबर येतो म्हणाला आहे.